घाटमाथ्याच्या कडेकडेने: भोकरदन पठारावरच्या सायकलवाटा

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला निघालेली गाडी सिल्लोड, गोळेगाव मागे टाकते, घाट उतरते आणि लेण्यांपाशी थांबते. संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. या रस्त्याच्या पूर्वेला पसरलेला भोकरदन तालुका कुणाच्या सहलीत नसतो. सायकलवर लांब भटकणाऱ्यांच्या बोलण्यातही महाराष्ट्र म्हणजे कोकणचा किनारा, ताम्हिणी, माळशेज, महाबळेश्वर, फार तर पंढरीची सायकलवारी. मराठवाड्याचं नाव निघालंच तर ते दौलताबाद-वेरूळपाशी संपतं. माझं ठाम मत असं आहे, की सायकलीने चार-पाच दिवस डोंगराळ आणि शेतीच्या मुलखातून हिंडायचं असेल, तर केळणा-जुईच्या खोऱ्यांपासून अजिंठ्याच्या डोंगरकडेपर्यंतचा हा पट्टा राज्यातल्या उत्तम पट्ट्यांपैकी एक आहे. अट एकच: हमरस्ता सोडायचा आणि गावाहून गावाला जाणारे रस्ते धरायचे.

आधी जमिनीबद्दल. हे सगळं पठार काळ्या बसाल्टचं आहे. जालन्याकडून उत्तरेला येताना ते हळूहळू, जाणवेल-न जाणवेल असं चढत जातं आणि अजिंठ्याच्या रांगेपाशी एकदम तुटतं. कड्यापलीकडे खाली खानदेश. या कडेवर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. उत्तरेकडचं पाणी वाघूर नदीतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळतं. दक्षिणेकडचं केळणा, जुई, धामणा अशा नद्यांतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. सायकलस्वाराच्या दृष्टीने ही निव्वळ भूगोलाची माहिती नाही. नद्या साधारण पूर्व-आग्नेयेकडे वाहतात, त्यामुळे पूर्व-पश्चिम रस्ते खोऱ्यासोबत चालतात आणि सोपे जातात. दक्षिणोत्तर रस्ते मात्र एकामागून एक खोरी ओलांडतात: उतार, पूल, चढ, माळ, पुन्हा उतार. नकाशावर सपाट दिसणारा जालना-राजूर-भोकरदन हा पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता पायांना सपाट वाटत नाही, तो यामुळेच.

जालन्याहून येणाऱ्याने पहिल्या दिवशी राजूरला थांबावं. गणपतीच्या साडेतीन पीठांमध्ये मोरगाव आणि पद्मालयाबरोबर राजूरचं नाव घेतलं जातं, चिंचवड हे अर्धं पीठ. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, हा रस्ता माणसांनी आणि वाहनांनी फुलून जातो. सायकलवाल्याने तो दिवस टाळावा. एरवी उंच टेकाडावरच्या मंदिरातून भोवतालचं रान पाहिलं, की पुढच्या दिवसांत कुठल्या मुलखातून जायचं आहे याचा अंदाज येतो.

भोकरदन गाव स्वतः फार जुनं आहे. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत ‘भोगवर्धन’चे रहिवासी आहेत, ते इथले. उज्जैनकडून प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणला, जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे नगर. 1973 च्या सुमारास शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळच्या वस्तूंत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा मिळाला. इटलीत पॉम्पेईला, इसवी सन 79 मध्ये व्हेसुवियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्याचं जवळचं साम्य आहे. गावालगत केळणेच्या काठी खडकात कोरलेलं हिंदू लेणंही आहे. अजिंठ्याकडे धावणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना त्याची खबर असते. दोन हजार वर्षांपूर्वी बैलांच्या तांड्यांनी जी वाट निवडली, ती चढ कमी आणि पाणी जवळ बघूनच निवडली असणार. सायकलीलाही नेमकं तेच हवं असतं.

भोकरदनहून पूर्वेला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून जाफराबादकडे जाणं, ही या भागातली सर्वांत सोपी आणि माझ्या मते नवख्याने आधी करावी अशी वाट. बारा-पंधरा किलोमीटरवर असई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची इथे लढाई झाली. मराठ्यांची छावणी भोकरदनपासून जाफराबादच्या दिशेला या दोन नद्यांच्या मधोमध पसरली होती. वेलस्ली नळणीच्या बाजूने आला, तेव्हा नदी ओलांडायला उतार नाही असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं. त्याला मात्र केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ दोन गावं असतील तर त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो खरा निघाला. पुढे पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या मराठा पायदळाने तोंड फिरवून नवी फळी धरली, तोफांनी इंग्रजी फौजेची दाणादाण उडवली आणि तरीही दिवस वेलस्लीचा ठरला. त्याची दीड हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती म्हातारपणीही आपली सर्वोत्तम कामगिरी म्हणून असईचंच नाव घेत असे.

रणभूमी म्हणून इथे बांधून-सजवून ठेवलेलं फारसं काही नाही. शेतं आहेत, नदीचं पात्र आहे, गाव आहे. म्हणूनच ही जागा सायकलवरून समजते. मोटारीतून दोन नद्यांमधलं अंतर कळत नाही. सायकलने केळणा ओलांडून जुईपर्यंत गेलं, की एवढ्या अरुंद जागेत हजारोंच्या फौजेला तोंड फिरवून पुन्हा उभं राहावं लागलं याचा अर्थ अंगाला कळतो. वाट शोधायची वेलस्लीची रीतही आजच्या भटक्याने उचलावी अशी आहे. फोनमधल्या नकाशात रस्ता नसला आणि नदीच्या दोन्ही काठांना गावं असली, तर तिथे बहुधा फरशीपूल किंवा निदान पायउतार असतो. एकच काळजी घ्यायची: पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असेल तर पाऊल टाकायचं नाही, माघारी फिरायचं.

उत्तरेला वळलं की मुलूख बदलतो. अन्वा गावचं बाराव्या शतकाच्या आसपासचं मंदिर, ज्याला लोक मढ म्हणतात, या सबंध परिसरातलं सर्वांत देखणं शिल्पकाम आहे. आज गाभाऱ्यात महादेव असला तरी मंदिर मुळात विष्णूचं. बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत, आणि असा संच फार थोड्या ठिकाणी आढळतो. भोकरदनहून सकाळी निघून अन्व्याला दोन तास घालवून दुपारपर्यंत गोळेगावला सहज पोहोचता येतं. तिथून अजिंठा गावापर्यंतचा तुकडा जळगाव महामार्गावर आहे आणि या सगळ्या प्रवासातला तोच अप्रिय भाग. रस्ता रुंद आणि सिमेंटचा असला तरी मालट्रक आणि खासगी बस जोरात जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर हा तुकडा संपवावा आणि अंधारात त्यावर राहू नये.

अजिंठा म्हणजे फक्त लेणी नव्हेत. लेणी खाली वाघूरच्या दरीत, फर्दापूरच्या अंगाला आहेत; अजिंठा हे तटबंदीचं जुनं गाव वर पठारावर आहे. असईच्या लढाईतल्या जखमी इंग्रज सैनिकांना इथल्या गढीत आणून ठेवलं होतं. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची वर्षं घालवणारा रॉबर्ट गिल याच गावात राहत होता, आणि 1856 मध्ये वारलेल्या त्याच्या सहचरी पारोची कबर इथेच आहे. गावातून लेणापूरच्या बाजूला, दरीच्या वरच्या कडेवर जाता येतं. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या उंचीवरून लेण्यांची कमान पहिल्यांदा दिसली असं सांगतात. घोड्याच्या नालेसारखी वळलेली ती दरी वरून एका नजरेत मावते. लेणी सोमवारी बंद असतात, हे आखणी करताना विसरू नये.

आता मुख्य वाट. अजिंठ्याहून बुलडाण्याकडे शिवना, धावडा, वालसावंगी या बाजूने जाणारा रस्ता रांगेच्या माथ्याला धरून चालतो. डाव्या हाताला मधूनमधून जमीन संपते आणि खाली खानदेशची केळी-कापसाची काळी सपाटी दिसते. उजव्या हाताला मका, सोयाबीन, मिरची. याच टापूत जयदेववाडीजवळ जाळीचा देव आहे. महानुभाव पंथाचं हे मोठं स्थान. चक्रधरस्वामी इथल्या जाळीत वाघिणीच्या पिलांशी खेळले, अशी आठवण पंथात जपली जाते. ही आठवण आजच्या वास्तवापासून तुटलेली नाही. टिपेश्वर अभयारण्यातून 2019 मध्ये निघालेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत याच डोंगररांगेने ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत आला, आणि 2021 मध्ये दुसरा एक वाघ त्याहून पश्चिमेला गौताळ्यात पोहोचला. म्हणजे ही रांग अजूनही वन्यप्राण्यांची चालती वाट आहे. सायकलवाल्याने इथे दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोहोचावं, हे सांगायला आणखी कारण नको. पुढे मढ गावाजवळ पैनगंगेचा उगम आहे आणि त्यापुढे बुलडाणा. मराठवाड्यातून विदर्भात शिरताना चढ नाही, दरी नाही, फक्त पाट्यांवरची जिल्ह्यांची नावं बदलतात. पूर्वी मात्र ही खरी सीमा होती. भोकरदन निजामाच्या राज्यात, बुलडाणा वऱ्हाडात, खालचा खानदेश मुंबई इलाख्यात. 1956 पर्यंत तिन्ही कारभार वेगळे होते.

पश्चिमेकडचा फेरा मला सर्वांत आवडतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. भोकरदनहून सिल्लोड, तिथून अंभई आणि उंडणगाव, मग हळदा. इथपर्यंत आल्याच्या शेतीचा आणि मक्याचा उघडा मुलूख. हळद्यापुढे रस्ता अचानक डोंगराच्या कुशीत शिरतो आणि घाट सुरू होतो. हळद्याचा घाट लांबलचक नाही, पण वळणांगणिक समोर वेताळवाडीचा किल्ला येत राहतो, आणि तटबंदीची रेघ डोंगरावर चढत जाताना दिसते. रस्ता किल्ल्याच्या अगदी पायथ्याला लागून जात असल्याने सायकल ठेवून वर जाऊन यायला फार वेळ लागत नाही. याच भागात जंजाळा किल्ला आणि त्याच्या पोटातली घटोत्कच लेणी आहेत. वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचा शिलालेख तिथे आहे. अजिंठ्याचं सोळावं लेणंही त्याच वराहदेवाचं. म्हणजे पाचव्या शतकात एकाच माणसाने या रांगेत दोन ठिकाणी लेणी करवली. त्या दोन ठिकाणांमधलं अंतर सायकलने कापण्यात जे समाधान आहे, ते लेण्यांच्या माहितीपुस्तकात मिळणार नाही.

घाट उतरला की सोयगाव. कवी ना. धों. महानोर यांचं पळसखेडे याच तालुक्यात, आणि रानाच्या ज्या रंगांनी त्यांची कविता भरली ते रंग ओळखायचे असतील तर सप्टेंबरअखेर इथून जावं. सोयगावहून फर्दापूर सपाट आहे. फर्दापूरला पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान असल्याने मुक्कामाची चिंता नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अजिंठा घाट चढून माथ्यावर यायचं आणि शिवन्याच्या किंवा अन्व्याच्या बाजूने भोकरदन गाठायचं. घाट उतरावा हळद्याने आणि चढावा अजिंठ्याने, अशी माझी शिफारस आहे. हळद्याचा रस्ता अरुंद असला तरी रहदारी तुरळक. अजिंठा घाटात वाहनं जास्त, पण चढताना आपण कडेला असतो आणि मागून येणाऱ्याला दिसतो.

पूर्वेकडे लांब जायचं असेल तर जाफराबाद, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि लोणार अशी साखळी जुळते. सिंदखेड राजा जिजाऊंचं जन्मस्थान, लोणारचं उल्काविवर 2020 पासून रामसर यादीत. वाट चांगली आहे, पण डोंगरकडेचं सुख तिथे नाही. समृद्धी महामार्ग वाटेत आडवा येतो. त्यावर सायकलला आणि दुचाकीलाही बंदी आहे. खालून जाणारे गावरस्त्यांचे बोगदे आधी नकाशावर पाहून ठेवावेत.

ऋतूबद्दल मतभेद व्हायचं कारण नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात हे खरं, पण काळ्या मातीचा चिखल चाकात आणि मडगार्डमध्ये असा बसतो की सायकल ढकलताही येत नाही. डांबर सुटलं की प्रवास थांबला असं समजावं. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून सप्टेंबरात अजिंठ्याहून बुलडाण्याकडे जावं. दिवाळीनंतर वारा फिरतो, तेव्हा उलट दिशा धरावी. मार्चनंतर ऊन चढतं आणि एप्रिल-मेमध्ये अनेक गावांना टँकरवर जगावं लागतं. ज्या गावात हंड्याला हिशेब आहे तिथे पाहुण्याने बाटल्या भरायला जाऊ नये. तो काळ भटकंतीचा नाही.

टायर थोडे रुंद हवेत आणि दोन जास्तीच्या ट्यूब हव्यातच. बांधावरच्या बाभळी छाटल्या की काटे रस्त्यावर पसरतात. माळावरचे सराटे त्याहून वाईट, कारण ते दिसत नाहीत. मोठ्या गावांत पंक्चरचं दुकान सापडतं, पण तिथे गिअरच्या सायकलचे सुटे भाग मिळतील अशी आशा धरू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेतकरी मका आणि सोयाबीन डांबरावरच वाळत घालतात आणि अर्धा रस्ता धान्याखाली जातो. त्या माणसाचं वर्ष तिथे पसरलेलं असतं. त्यावरून चाक नेऊ नये, उतरून कडेने चालावं. खाण्यापिण्याचे हाल होत नाहीत. फाट्यावर पोहे, भजी, चहा मिळतो. पिंपळगाव रेणुकाईसारख्या मिरचीच्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात ठेचा-भाकरीची चव सांगायला नको. पाणी मात्र प्रत्येक टप्प्याला सोबत भरून घ्यावं.

मग या भागाला कमतरता कशाची आहे? रस्त्यांची नाही. डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आणि पुढे मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेने लहान गावं डांबराने जोडली. काही रस्ते उखडले आहेत, काहींवर खडी तशीच पडून आहे, पण जाळं आहे. कमतरता आहे निवडीची आणि खुणांची. अमेरिकेत 1976 मध्ये देशाच्या द्विशताब्दीनिमित्त ‘बाईकसेंटेनिअल’ नावाने ओरेगनपासून व्हर्जिनियापर्यंत सुमारे 6,800 किलोमीटरची सायकलवाट आखली गेली. त्यासाठी नवा रस्ता बांधला नाही. असलेल्या आडरस्त्यांतून कमी रहदारीचे निवडले, त्यांचे नकाशे छापले, मुक्कामाच्या जागा नोंदवल्या, आणि त्या उन्हाळ्यात हजारो लोक त्यावरून गेले. ती वाट आजही चालू आहे. युरोपातल्या युरोव्हेलो जाळ्याचा बराच भागही असाच जुन्या रस्त्यांचा आहे. आपल्याकडे सायकलिंगचा उत्साह वाढला तो मुख्यतः वेळेच्या स्पर्धेच्या अंगाने, साडेतेरा तासांत 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेसारखा. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण ते स्वार महामार्गावरून जातात आणि रात्रीच्या आत परततात. गावात त्यांचा मुक्काम पडत नाही, पैसा राहत नाही, ओळखही होत नाही. राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याच्या घरी पाहुणा उतरवायला मान्यता देतं. भोकरदन, सिल्लोड, सोयगावच्या पट्ट्यात वीस-पंचवीस किलोमीटरवर अशी चार-पाच घरं उभी राहिली, तरी हा फेरा पुरा होतो.

या रस्त्यांवर सायकल रोज चालवणारे पर्यटक नव्हेत, शाळकरी मुली आहेत. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि गावाहून हायस्कूलच्या गावी जाणाऱ्या मुलींची रांग सकाळी फाट्याफाट्यावर दिसते. रस्त्याच्या कडा भरून घेणं, शाळेजवळ गतिरोधक, वळणावर झाडी छाटणं, फरशीपुलाला कठडे हे काम त्यांच्यासाठी आज व्हायला हवं. भटक्या सायकलवाल्याला लागतं तेही एवढंच. म्हणून जिल्हा परिषदेने सायकल-पर्यटनाचा वेगळा आराखडा करण्याआधी शाळेला जाणाऱ्या सायकलींच्या वाटा नकाशावर मांडाव्यात. निम्मी आखणी तिथेच होईल, असं मला वाटतं.

जालना-जळगाव रेल्वेमार्गाला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. 174 किलोमीटरचा हा मार्ग राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा जाणार आहे. तो झाला की मुंबई-पुण्याहून सायकल रेल्वेत चढवून थेट भोकरदनला उतरता येईल, आणि जालन्याचा पहिला दिवस वाचेल. पण रूळ टाकताना गावरस्ते ओलांडणीवर अडतात, वळवले जातात, काही कायमचे बंद होतात. अन्वा, असई, हळदा, शिवन्याकडचे लहान रस्ते जिथे लोहमार्गाला छेदतील तिथे सायकल आणि बैलगाडी जाईल असा भुयारी रस्ता हवा, ही मागणी भूसंपादन चालू असतानाच, आराखड्यावर हरकती घ्यायच्या मुदतीत, ग्रामपंचायतींनी ठराव करून लेखी द्यायला हवी.